ई-क्लासवरची बेवारस ढोरं: मोजायची कशी, धरायची कशी, वाढ थांबवायची कशी?

धुऱ्यावरचा

वर्धा जिल्हा, कारंजा-आष्टीकडचा पट्टा. गावची ई-क्लास जमीन, म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन, कागदावर 62 हेक्टर. अतिक्रमण, मुरमाची खदान आणि पाझर तलावाचं बुडीत वजा केलं तर चराईजोगी 45 हेक्टर उरते. दावणीची 180 जनावरं गायकी (गुराखी) रोज सकाळी आखरावरून, म्हणजे गुरं जमतात त्या जागेवरून, तिथंच घेऊन जातो. त्यांच्याशिवाय 70-75 ढोरं तिथंच राहतात. त्यांना मालक नाही, दावं नाही, आणि माणूस दिसला की शेपूट वर करून पळतात. दिवसा ई-क्लासवर आणि रात्री तुरीत. आता हरभरा पेरला की त्यातही येतीलच.

ग्रामसभेत पाच सूचना आल्या आणि पाचही जण आपलीच खरी म्हणतात. (1) मोटारसायकली लावून पिटाळून द्या. हे मागच्या वर्षी करून झालं, चार दिवसांत सगळी परत आली. (2) सगळे गोऱ्हे बडवून, म्हणजे खच्ची करून टाका, विषय संपेल. (3) ट्रक भरून गोशाळेत सोडा. (4) कोंडवाडा चालू करा. (5) एका पोरानं मोबाइलवर दाखवलं की अमेरिकेत रानघोड्यांना बंदुकीतून इंजेक्शन मारून पिल्लं होणं बंद करतात, तसंच इथं करा.

यातलं काय चालतं, काय नाही, आणि का? आकड्यांसहित सांगावं. सभा दिवाळीनंतर आहे.

गवतकाडी

ढोरांचं नंतर पाहू, आधी गवत मोजा. आणि याच आठवड्यात मोजा. गवत फुलोऱ्यावरून बी धरतं तेव्हाच त्याचा खरा अंदाज लागतो. डिसेंबरात मोजाल तर उरलेल्या काड्याच मोजाल.

6 मिमी सळईची 1 मीटर बाय 1 मीटर चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. ई-क्लासच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे सरळ चाला आणि दर 100 पावलांवर चौकट टाका. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांमधून तसंच. 24-25 जागा होतील. चौकट जिथं पडेल तिथंच कापायचं. दगडावर पडली तर शून्य लिहायचं, बाजूचं हिरवं पाहून सरकवायची नाही. सगळ्यांची चूक इथंच होते. कापताना दोन बोटं बुडखा ठेवा. तरोटा, गाजरगवत, रायमुनिया पिशवीत घालू नका, ते ढोर खात नाही.

सगळं ओलं गवत एकत्र तोला. त्यातून अर्धा किलो वेगळं काढून वाळवा. सलग दोन दिवस वजन तेच आलं की वाळलं समजा. उदाहरण धरू: 25 चौकटींचं ओलं गवत 9.5 किलो निघालं आणि अर्ध्या किलोचे वाळून 200 ग्रॅम राहिले, म्हणजे 40 टक्के. मग एकूण 3.8 किलो वाळलेलं, चौकटीमागे साधारण 150 ग्रॅम, हेक्टरी 1,500 किलो.

यातलं निम्मं रानातच राहिलं पाहिजे. हा दयाधर्म नाही, गवताचा स्वतःचा हिशोब आहे. पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू गवतं पानांच्या जोरावर मूळ पोसतात. पुन्हापुन्हा बुडापर्यंत खाल्लं की मूळ आखडतं आणि पुढच्या पावसाळ्यात ठोंब उठत नाही. त्या जागी कुसळ आणि तरोटा येतो. तुमच्या ई-क्लासवर तरोटा किती आहे ते पाहा, म्हणजे जमीन किती वर्षं जास्त चरली गेली ते कळेल.

तर हेक्टरी 750 किलो, 45 हेक्टरांत 33,750 किलो. गवळाऊ (आपल्याकडची देशी जात) बांध्याचं 300 किलोचं जनावर दिवसाला साधारण 6.5 किलो वाळलेलं गवत खातं, वर्षाला 2,370 किलो. भागाकार करा. ही जमीन बारमाही फक्त 14 जनावरं पोसते. पावसाळ्याचे चारच महिने चारायचं म्हटलं तरी 43.

धुऱ्यावरचा

14? मग गावची 180 कशी जगतात?

गवतकाडी

कुटारावर (भुशावर), कडब्यावर, धुऱ्यावरच्या गवतावर आणि पिकं निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरांवर. ई-क्लासवर ती पाय मोकळे करायला जातात आणि जे उगवेल ते खुडतात. बेवारस ढोरांना घरचं कुटार नाही, म्हणून ती तुरीत येतात. आणि हेही सभेत सांगा की बेवारस 72 च्या 72 उद्या नाहीशी झाली, तरी ई-क्लासवर भार जास्तच आहे. हे ऐकायला कोणाला आवडणार नाही.

मोजदाद

गवतकाडीचा हिशोब बरोबर. पण "70-75" हा आकडा चालणार नाही. कोणती किती, ते लागेल. गाई, पाडसावरून गेलेल्या कालवडी, न बडवलेले सांड-गोऱ्हे, बडवलेले बैल, वासरं असे वेगळे रकाने करा. मोजणी पाण्यावर करा, सलग तीन दिवस, पहाटे आणि सांजच्याला. फोटो काढा. शिंगाचा बाक, कपाळावरचा ठिपका, फाटलेला कान यावरून ओळख ठेवा. एकदा दिसलेली किती पुन्हा दिसतात त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज निघतो: पहिल्या दिवशी 40 ओळखली, दुसऱ्या दिवशी 45 आली आणि त्यात कालची 25 होती, तर एकूण 40 गुणिले 45 भागिले 25, म्हणजे 72.

धुऱ्यावरचा

गायकी आणि दोन पोरांनी मिळून ढोबळ लिहिलंय: गाई 28, सांड आणि मोठे गोऱ्हे 9, बडवलेले बैल 14, वासरं-कालवडी 21. बैलांपैकी बहुतेकांचं नाक टोचलेलं आहे.

मोजदाद

त्या शेवटच्या वाक्यात तुमचं अर्धं उत्तर आलं.

नाक टोचलेला बैल ई-क्लासवर जन्मत नाही. कोणीतरी त्याला वेसण घातली, औतावर चालवला, थकल्यावर कासरा कापून सोडला. गाई आणि बैल मोजायचे असतील तर दोन वेगळ्या नळांचं पाणी समजा. एक नळ आतल्या जन्मांचा, दुसरा बाहेरून सोडलेल्यांचा. दुसरा चालू ठेवून पहिला कितीही आवळला तरी हौद भरतच राहील. गोवंश हत्याबंदी गाईंना 1976 च्या कायद्यापासून होतीच, 2015 मध्ये बैल-वळूही त्यात आले. तेव्हापासून भाकड बैलाला गिऱ्हाईक नाही आणि ट्रॅक्टरमुळे कामही नाही. मालकाला शिव्या देऊन भागणार नाही, पण त्याचं नाव मात्र गावाला माहीत असतं.

आता जन्मांचा नळ. 28 गाई. भुकेली गाय दरसाल वीत नाही, दीड वर्षाला एक धरा. वर्षाला 18-19 वासरं. तिसरा हिस्सा मरतो धरा. उरली 12. 72 वर 12 म्हणजे 16-17 टक्के, त्यातून म्हातारी मेलेली वजा. सोडलेले बैल धरलेच नाहीत तरी पाच-सहा वर्षांत दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

अमेरिकेतल्या रानघोड्यांचा वाढीचा वेगही 15 ते 20 टक्केच आहे, म्हणून त्यांचं उदाहरण आपल्याला उपयोगी. तिथंही घोडे मुळात पाळीवच, सुटून रानटी झालेले. 1971 च्या कायद्यानं त्यांना संरक्षण मिळालं. सरकारी चराऊ जमीन रानगाढवं धरून किती घोडे पेलेल याचा आकडा ठरवला, तो एकूण 27 हजारांच्या आत आहे. 2020 मध्ये मोजले तर गाढवं धरून 95 हजारांच्या आसपास होते. मग हेलिकॉप्टरनं वळवून हजारो उचलले, 2024 पर्यंत साडेत्र्याहत्तर हजारांवर आणले. पण उचललेले ठेवायचे कुठं? मारता येत नाहीत, दत्तक घेणारे पुरेसे नाहीत. आज 60 हजारांच्या वर घोडे सरकारी खर्चानं वाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत उभे आहेत आणि कार्यक्रमाचे निम्म्याहून जास्त पैसे त्यांच्या चाऱ्यात जातात. म्हणून रानातली वाढ रोखायला पैसा उरत नाही, म्हणून पुन्हा उचलावे लागतात. 2019 मध्ये घोडा नेणाऱ्याला हजार डॉलर द्यायला लागले, तर पैसे घेऊन पुढं घोडे विकल्याच्या तक्रारी आल्या.

तुमची तीन नंबरची सूचना, ट्रक भरून गोशाळेत, ही तीच गोष्ट लहान मापात आहे.

ढोरडॉक्टर

इंजेक्शनचं आधी सांगतो, कारण त्याचा फोन मलाही चार गावांतून येतो.

ते पीझेडपी नावाचं औषध आहे. डुकरिणीच्या अंडपेशीभोवतीच्या आवरणातलं प्रथिन त्यात असतं. ते टोचलं की घोडीचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती तिच्याच अंडपेशीला चिकटतात आणि शुक्राणू आत शिरत नाही. घोडी माजावर येतच राहते, फक्त गाभण राहत नाही. पहिल्या वर्षी दोन टोचण्या काही आठवड्यांच्या अंतरानं, पुढं दरसाल एक. डार्ट 40-50 मीटरच्या आतून मारावा लागतो आणि कोणत्या घोडीला कधी मारला याची नोंद एकेकीची ठेवावी लागते. अमेरिकेतल्या असाटीग बेटावर 1994 पासून हे नीट चाललं, कारण बेट आहे, बाहेरून घोडं येत नाही आणि प्रत्येक घोडी ओळखीची. तिथंही कळप 175 वरून शंभराखाली यायला दहा वर्षांहून जास्त लागली. गंमत अशी की पिल्लं न झाल्यामुळे घोड्या जास्त जगायला लागल्या. आपल्याकडे हे औषध तालुक्याच्या दवाखान्यात मिळण्यातलं नाही आणि तुमच्या 28 गाई बेटावर नाहीत. ती सूचना बाजूला ठेवा.

"सगळे गोऱ्हे बडवा" हे अर्धं खरं. नऊपैकी आठ बडवले आणि एक सुटला तर? एक सांड मोसमात 25-30 गाई फळवतो. तुमच्या गाई 28. म्हणजे आठ चिमटे मारूनही वासरांच्या आकड्यात फरक शून्य. शिवाय शेजारच्या गावाचा सांड रात्रीत पाच किलोमीटर येतो. नराचं खच्चीकरण करायचं ते मारामारी कमी व्हावी, धरायला सोपं जावं आणि ठेवून घेणाऱ्याला कामाचा बैल मिळावा म्हणून. संख्या उतरते ती गाई हलवल्यानं. म्हणून धरताना पहिला मान गाई आणि कालवडींचा.

वाऱ्यावरची वरात

एवढा उपद्व्याप कशाला? बोर व्याघ्र प्रकल्पातला वाघ इकडे फिरतोच, तोच हिशोब करंल.

ढोरडॉक्टर

भाऊ, वाघ ई-क्लासवर ढोर मारायला लागला की तो ई-क्लासचा होतो. मग गायकी, सरपणाला गेलेल्या बाया आणि जागलीवरचा माणूस त्याच वाटेवर. आणि बेवारस ढोराची नुकसानभरपाई मागायला मालक लागतो.

आता धरायचं कसं.

पळवू नका. मोटारसायकलनं पळवलेलं जनावर दहा-पंधरा मिनिटांत तोंड उघडून धापा टाकतं. गाभण असेल तर गाभडतं. काही तर धरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागचे पाय आखडून, लाल-काळी लघवी करून मरतात. स्नायू जळतात आणि त्याचा माल मूत्रपिंडात अडकतो. अमेरिकेतही 1 मार्च ते 30 जून घोड्यांमागे हेलिकॉप्टर लावत नाहीत, कारण तो शिंगरांचा मोसम. पिल्लू मागं पडतं.

ढोरांना पाण्यानं धरायचं. एप्रिल-मे मध्ये नाले आटले की एक हौद उरतो. तिथं गोल वाडा उभा करा, 10-11 मीटर व्यासाचा. चौकोनी करू नका. घाबरलेली ढोरं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचं वासरू गुदमरतं. बल्ल्या अडीच फूट खोल, सहा-सहा फुटांवर, उंची सहा फूट, आडव्या पाच रांगा. काटेरी तार अजिबात नाही. बाहेरून जुनी ताडपत्री किंवा हिरवी जाळी खालपासून वरपर्यंत बांधा. ढोराला फटीतून पलीकडचं रान दिसलं की ते तिथंच डोकं घालतं, आणि आडोसा दिसला की भिंत समजून थांबतं. यात एवढी ताडपत्रीच तुमचे हातपाय वाचवते.

दार 12 फुटी, आत उघडणारं, वरून दोर 40 मीटर लांब झुडपापर्यंत, तो ओढला की दार बंद व्हावं. तोंडाशी दोन्ही बाजूंना 30-30 मीटरचे पंख, बाहेर रुंद आणि आत निमुळते.

घाई इथं नडते. सगळं एका दिवसात उभारलं तर ढोरं आठ दिवस पाण्यावर येणार नाहीत. आणि तहानेनं जनावर मारणं हा गुन्हा आहे. पहिल्या चार दिवशी नुसते खांब. मग एक बाजू. मग दुसरी. दार बांधून उघडं. आत खनिज विटा टांगा, सरकीची ढेप आणि थोडा गूळ टाका. नाक टोचलेले बैल आधी येतील, त्यांना टोपल्याची आठवण असते. त्यांच्यामागं गाई. सांड सगळ्यात शेवटी. दोन आठवडे कोणीही दोराला हात लावायचा नाही. सगळी बिनधास्त आत-बाहेर करू लागली की मगच. रोही (नीलगाय) आत आला तर दार उघडंच ठेवा, तो वन्यजीव कायद्यातला प्राणी आहे आणि सहा फुटांवरून उडी मारताना मान मोडून घेईल.

एका वेळी 12-15 च्या वर धरू नका. पहाटे दार पाडा आणि नऊच्या आत काम उरका. मे महिन्यात दहानंतर 42-43 अंशांत अंगाशी झटलेलं जनावर पडतं.

वाड्याच्या एका बाजूनं गल्ली काढा, आतून 26 इंच रुंद, पाच फूट उंच, 20 फूट लांब. 30 इंच केली तर ढोर आत वळतं आणि मागच्याच्या छातीत शिंग घालतं. गल्लीच्या टोकाला खोडा, म्हणजे ढोर अडकवून धरायची चौकट. खोड्यात घेतलं की आडवी बल्ली गुडघ्यांच्या मागं सरकवायची, मग मागं सरत नाही. दोन आडव्या बल्ल्यांमधून हात आत घालून धरायचं नाही. ढोर पुढं सरकलं की कोपर उलटं मोडतं.

खोड्यात असताना एकेकाचं एवढं व्हायला पाहिजे. कान पाहा, पिवळा 12 आकडी बिल्ला असेल तर नंबर टिपा. बिल्ला काढल्याचं भोक किंवा चिरलेला कान असेल तर फोटो. बिल्ला नसेल तर नवा मारा, मालकाच्या जागी ग्रामपंचायत. लाळ्या-खुरकूत आणि लंपीची लस. गोचीड-जंतांसाठी आयव्हरमेक्टिन कातडीखाली, 50 किलोला 1 मिली. ब्रुसेला (गाभडवणारा रोग) तपासायला रक्त. टीबीची चाचणी करायची असेल तर ती 72 तासांनी वाचावी लागते, तेवढे दिवस वाड्यात चारा-पाणी लागेल हे आधीच धरा. गाई गाभण आहेत का ते तपासा. गाभडलेलं वासरू किंवा वार उघड्या हातानं उचलू नका, ब्रुसेला माणसाला लागतो आणि वर्षभर ताप जात नाही.

गोऱ्ह्यांना बर्डिझोचा, म्हणजे खच्ची करायचा चिमटा, मोठ्यांना 16 इंची. एकेक नस वेगळी धरून, दोनदा, बोटभर अंतरानं. दोन्ही नसा एकदम धरून मधली शीव चिमटली तर पिशवीचं रक्त बंद होऊन ती सडते. हा प्रकार नवशिक्याकडून हमखास होतो, म्हणून हे काम पशुवैद्यकानंच करावं. चिमटा मारल्यावरही सहा आठवडे गोऱ्हा गाय फळवू शकतो, त्याला लगेच गाईत सोडू नका. सहा आठवड्यांनी गोळी बारीक झाली नसेल तर नस निसटली होती, पुन्हा करा.

भुलीचं औषध जपून. झायलाझिनला ढोर फार हळवं. घोड्याच्या दहाव्या हिश्श्यात काम होतं. घोड्याच्या बाटलीतलं अंदाजानं दिलं तर उठत नाही. शेवटच्या तिमाहीतल्या गाईला दिलं तर गाभडू शकते. शिवाय पोट भरलेलं ढोर आडवं पडलं की फुगतं.

कोंडवाडा

कायद्याचं थोडक्यात. 1871 चा गुरे अतिक्रमण कायदा अजून आहे. वावरात नुकसान करणारं ढोर शेतकरी धरू शकतो, पण 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं लागतं. घरी बांधून ठेवलं तर उलट तोच अडचणीत येतो. कोंडवाड्यात सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, मग नोटीस आणि दवंडी, आणखी सात दिवसांनी लिलाव. म्हणजे एका ढोराला निदान 14 दिवस चारा. 15 ढोरं, दिवसाला 6.5 किलो, 14 दिवस: 1,365 किलो कडबा किंवा कुटार. कोंडवाडा सुरू करायचा ठराव घेताना हा चारा कुठून येणार ते त्याच ठरावात लिहा. गावोगावचे कोंडवाडे याच कारणानं बंद पडून आज तिथं सिमेंटच्या पोत्यांचं गोदाम झालंय.

लिलावात बैलाला शेतकरी गिऱ्हाईक मिळणं कठीण. गाय, कालवड मात्र जाते. त्यातून गवळाऊच्या अंगाची निवडली तर आणखी. घेणाऱ्याचा सातबारा, आधार, बिल्ल्याचा नंबर आणि "कत्तलीसाठी विकणार नाही" असं हमीपत्र घ्या. वाहतुकीला पशुवैद्यकाचा दाखला, ग्रामपंचायतीचं पत्र आणि एका ट्रकात जास्तीत जास्त सहा मोठी जनावरं. याहून जास्त भरली तर वाटेत गाडी अडते, आणि अडवणाऱ्यांना तुमचा चांगला हेतू दिसत नाही.

गोशाळा: देशी गाईला दिवसाला 50 रुपये अनुदान देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला, नोंदणी झालेल्या गोशाळांना आणि कानात बिल्ला असलेल्या गाईंना. म्हणून बिल्ला मारल्याशिवाय पाठवू नका. आणि आधी जाऊन पाहा, दावणी किती, गव्हाणीत काय. 50 रुपयांत साडेसहा किलो चारा, पाणी आणि माणसाची मजुरी कशी बसते ते तुम्हीच जुळवून पाहा.

धुऱ्यावरचा

डॉक्टर साहेब, बैलांचं काय? 14 आहेत, गोशाळावाले घेत नाहीत आणि लिलावात कोणी बोलत नाही.

मोजदाद

ते तुमच्याच गावाचे आणि शेजारच्या चार गावांचे आहेत. बिल्ल्याचे नंबर आणि फोटो घेऊन आधी त्या चार ग्रामपंचायतींना लेखी पत्र द्या. दोन-चार तरी घरी जातील. उरलेले ई-क्लासवर राहू द्या. त्यांना वासरं होत नाहीत, वय झालेलं आहे, पाच-सहा वर्षांत आपोआप कमी होतील. त्यांच्यावर पैसा घालवण्यापेक्षा तोच 28 गाईंवर घाला. पण गावातला नवा बैल सोडला जाऊ नये म्हणून दावणीच्या 180 ना बिल्ले आहेत का ते याच महिन्यात पाहा. दरवर्षी पोळ्याला सगळे बैल एका ठिकाणी येतात, नंबर तेव्हाच तपासता येतात.

गवतकाडी

ढोरं कमी झाली की लगेच ई-क्लास मोकळं सोडू नका. तीन हिस्से करा. एक हिस्सा पावसाळ्याच्या सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत बंद, बी पडू द्या. हवं तर कापून न्या, पण ढोर आत नको. पुढच्या वर्षी दुसरा हिस्सा. जिथं नुसता तरोटा आहे तिथं तो फुलायच्या आत उपटा आणि स्टायलो हेमाटा या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी हेक्टरी 5-6 किलो मारवेलसोबत टाका. बी वरवरच टाकायचं, खोल गेलं तर उगवत नाही.

धुऱ्यावरचा

चौकट करायला दिली. शेवटचं एक: दार पाडल्यावर गाय आत आणि तिचं वासरू बाहेर राहिलं तर?

ढोरडॉक्टर

हेच जास्त वेळा होतं. पंधरा दिवसांच्या आतलं वासरू गाय झुडपात लपवून एकटीच पाण्यावर येते. म्हणून दोराला हात लावायच्या आधी आत आलेल्या गाईंच्या कासा पाहा. कास ताठ, सडं चकचकीत आणि सोबत वासरू नाही, तर त्या दिवशी दार पाडू नका. पडून गेलंच असेल तर तीच गाय पहिली खोड्यात घ्या, बिल्ला आणि लस झाली की लगेच बाहेर सोडा. रात्रभर आत ठेवली तर ती वाडा तोडेल, आणि बाहेर हंबरणाऱ्या वासराला कोल्हे गाठतील.